बघायचं कुणी?

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय स्ट्रक्चरल ऑडिट. इमारतीला तीस वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे तपासणी करणं आता भाग आहे. इंजिनीअर येणार, खांबांवर ठोकून बघणार, एक-दोन ठिकाणी भोक पाडून काँक्रीटचा नमुना काढणार. खर्चाचा आकडा ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "अहो, इमारत उभी आहे ना? मग नुसतं बघायला एवढे पैसे कशाला?" सगळे हसले. मीपण हसलो.

योगायोग असा, की आदल्या रात्रीच मी एका भिंतीचे फोटो बघत बसलो होतो. गोल भिंत. खालचं काँक्रीट पार निघून गेलेलं आणि आतल्या सळ्या बरगड्यांसारख्या उघड्या पडलेल्या. फोटो पाण्याखाली काढलेले, २०२३ च्या मार्चमध्ये, जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या १ नंबरच्या भट्टीत. काढणारा माणूस नव्हता, छोट्या पाणबुडीसारखा एक रोबो होता. त्या गोल भिंतीवर सुमारे ४४० टन वजनाचं भट्टीचं भांडं उभं आहे. आणि ती भिंत आतून अशी झाली आहे हे कळायला अपघातानंतर १२ वर्षं लागली.

१२ वर्षं का लागली? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि अख्खा वीकेंड गेला. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात अमेरिकेपासून करायला हवी. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनिया राज्यातलं थ्री माइल आयलंड. २ नंबरच्या भट्टीत एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि भट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात राहिलं. कंट्रोल रूममधल्या दिव्यावरून मात्र ऑपरेटरांना वाटत होतं की व्हॉल्व्ह बंद आहे. गंमत (गंमत कसली!) अशी, की 'बंद हो' अशी आज्ञा गेली आहे एवढंच तो दिवा सांगत होता. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, ते तो सांगतच नव्हता. आपल्या धंद्यातल्या लोकांच्या अंगावर हे वाचून काटा येईल. रिक्वेस्ट गेली म्हणजे काम झालं असं धरून चालणारा कोड आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलेला आहे.

भट्टी शेवटी थंड झाली. पण आत काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. इंधनाचं नुकसान झालं असेल, तरी एकूण रचना शाबूत असेल असा बऱ्याच जाणकारांचा अंदाज होता. जुलै १९८२ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, नियंत्रण दांड्याच्या अरुंद वाटेतून एक बारीक कॅमेरा आत सोडला. जिथे इंधनाच्या नळ्या दिसायला हव्या होत्या तिथे काहीच नव्हतं. सुमारे दीड मीटर पोकळी, आणि तिच्या तळाशी राडारोडा. पुढे कळलं की जवळपास निम्मं इंधन वितळलं होतं. तीन वर्षं सगळे अंदाज बांधत होते, आणि एका कॅमेऱ्याने एका दिवसात ते खोडून काढले.

त्या इमारतीच्या तळघरात किरणोत्सारी पाणी साचलं होतं. तिथे माणूस पाठवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विल्यम 'रेड' व्हिटेकर यांना गाठलं. हा माणूस शिकलेला सिव्हिल इंजिनीअर. त्यांच्या टीमने सहा चाकांची एक गाडी बनवली, तिच्यावर कॅमेरे, दिवे आणि किरणोत्सार मोजायची यंत्रं बसवली, आणि १९८४ मध्ये क्रेनने ती वरच्या मजल्यावरून तळघरात सोडली. नाव रोव्हर. पुढे तिच्याच एका भावंडाने तळघराच्या भिंतींना भोकं पाडून काँक्रीटचे नमुने काढले. किरणोत्सारी पाणी भिंतीत किती खोल मुरलंय ते बघायला. म्हणजे आमच्या सोसायटीत होणार आहे तेच, फक्त ड्रिल धरणारा माणूस दुसऱ्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला.

इथे थोडं थांबून एक शंका सोडवून टाकतो, कारण मलाही ती आली होती. मंगळावर गाडी चालवता येते, मग पृथ्वीवरच्या एका तळघरात एवढं अवघड काय आहे?

अवघड आहे ते असं. एक म्हणजे किरणोत्साराने इलेक्ट्रॉनिक्स मरतं. गॅमा किरण चिपमधून जाताना आतल्या अर्धवाहकात बिघाड करतात, कॅमेऱ्याच्या चित्रात आधी पांढरे ठिपके येतात, मग चित्रच जातं. काच तपकिरी पडते. केबलचं वेष्टण ठिसूळ होतं. दुसरं म्हणजे भट्टीच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि पोलादाच्या. रेडिओ लहरी आत पोचत नाहीत. म्हणून बहुतेक वेळा केबल लागते. आणि केबल म्हणजे दोरीने बांधलेली शेळी. दोन वळणं घेतली, एका पाइपला वेढा बसला, की शेळी तिथेच. तिसरं म्हणजे आतला नकाशा. कागदावरचं ड्रॉइंग आहे अपघाताच्या आधीचं. आता तिथे काय पडलंय, काय वाकलंय, ते कळावं म्हणून तर रोबो पाठवायचा आहे!

आता चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६. ४ नंबरच्या भट्टीचा स्फोट झाला आणि भट्टीतल्या ग्राफाइटचे ठोकळे शेजारच्या छपरांवर जाऊन पडले. ते ढकलून परत खाली टाकल्याशिवाय भट्टी झाकता येणार नव्हती. सोव्हिएत लोकांनी आधी यंत्रंच पाठवली. चांद्रगाडी बनवणाऱ्या अभियंत्यांनी घाईघाईत एक यंत्र तयार केलं. पश्चिम जर्मनीहून 'जोकर' नावाचं एक यंत्र आणलं, ते छपरावर लगेचच निकामी झालं. काही यंत्रं अडकली, काहींचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं. सगळ्यात वाईट भागांत यंत्रांनी हात टेकले.

मग माणसं पाठवली. सप्टेंबर १९८६ मध्ये जनरल निकोलाय ताराकानोव्ह यांच्या हाताखाली सैनिक छपरावर गेले. अंगाला शिशाचे पत्रे बांधलेले, हातात फावडं. भोंगा वाजला की धावत जायचं, एक-दोन ठोकळे ढकलायचे, पुन्हा भोंगा वाजला की धावत परत. काही ठिकाणी मिनिटभर, काही ठिकाणी दोन-तीन मिनिटं. या कामावर गेलेल्यांचा आकडा ३,८२८ असा सांगतात. त्यांना नाव पडलं 'बायोरोबोट'. जिवंत रोबो.

हा शब्द वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मशीन चाललं नाही म्हणून माणसाला मशीनचं नाव दिलं. त्यातले बरेचसे माझ्याच वयाचे असणार.

नोव्हेंबर १९८६ पर्यंत, २०६ दिवसांत, भट्टीवर काँक्रीट आणि पोलादाचं कवच उभं राहिलं. 'सारकोफॅगस', म्हणजे शवपेटी. ते बांधलं लांबून, क्रेनच्या मदतीने. त्यामुळे अनेक तुळया वेल्डिंग न करता नुसत्या ठेवल्या गेल्या, आणि त्याही स्फोटाने हादरलेल्या जुन्या भिंतींवर. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ही इमारत म्हातारी होती. तिचं आयुष्य धरलं होतं २०-३० वर्षं.

आत इंधन कुठे गेलं हे शोधायला मॉस्कोच्या कुर्चातोव्ह इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ कवचाखालच्या खोल्यांमधून फिरत होते. मोठे रोबो चालत नव्हते, तेव्हा या लोकांनी लहान मुलांचा खेळण्यातला रणगाडा आणला, त्यावर कॅमेरा आणि दिवा बांधला आणि तो पुढे सोडला. हसू येतं, पण तो चालला! १९८६ च्या शेवटी त्यांना तळाच्या एका मार्गिकेत वितळलेल्या इंधनाचा आणि काँक्रीटचा गोठलेला गोळा सापडला. सुरकुत्या पडलेला, काळा. त्याला त्यांनी 'हत्तीचा पाय' म्हटलं. त्याच्याजवळ काही मिनिटं उभं राहणं जिवावर बेतलं असतं.

१९९९ मध्ये पुन्हा रेड व्हिटेकर या गोष्टीत येतात. त्यांनी स्थापन केलेल्या रेडझोन रोबोटिक्स कंपनीने, नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मदतीने, खास चेर्नोबिलसाठी 'पायोनियर' नावाचा रोबो बनवला. त्याच्यावर काँक्रीटचा नमुना काढायचं ड्रिल होतं, आणि मंगळ मोहिमेसाठी विकसित केलेल्या तंत्रावर आधारित, आतल्या जागेचा त्रिमितीय नकाशा बनवणारे कॅमेरे होते. उद्देश एकच. हे कवच अजून किती दिवस उभं राहील?

पण नुसतं बघून भिंत सावरत नाही, हेही खरं. १२ फेब्रुवारी २०१३ ला बर्फाच्या भाराने कवचाला लागून असलेल्या टर्बाइन हॉलच्या छताचा सुमारे ६०० चौरस मीटर भाग कोसळला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये एक प्रचंड पोलादी कमान रुळांवरून सरकवत आणून जुन्या कवचावर बसवली, १०० वर्षं टिकेल अशा हिशोबाने. आतलं जुनं कवच उतरवायला तिच्यात लांबून चालवता येतील अशा क्रेन बसवल्या आहेत. तिचंही नशीब बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये युद्धात एक ड्रोन आदळून तिला भोक पडलं. आता त्या कमानीचीही तपासणी आली.

असो. आता जपान.

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रोबो येतो. म्हणूनच पुढची गोष्ट जास्त टोचते. ३० सप्टेंबर १९९९ ला तोकाईमुरा इथल्या इंधन प्रक्रिया कारखान्यात अपघात झाला, पुढे दोन कामगार दगावले. सरकार हललं. आण्विक अपघातात काम करतील असे रोबो बनवायला पैसे मंजूर झाले, रोबो तयारही झाले, डेमो झाला. आणि मग? वीज कंपन्यांचं म्हणणं पडलं की आमच्याकडे असा अपघात होणारच नाही, मग याची गरज काय? प्रकल्प गुंडाळला.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. पहिल्या प्रोजेक्टमध्ये डेडलाइन जवळ आली म्हणून मी एका मॉड्यूलचं लॉगिंग काढून टाकलं होतं. "नंतर टाकू, हे कधी फेल होत नाही." दोन महिन्यांनी रात्री दोन वाजता ते फेल झालं, आणि आत काय चाललंय हे बघायला माझ्याकडे काहीही नव्हतं. एकही ओळ नाही. माझ्या चुकीने एका टीमची झोप गेली, एवढंच. पण विचार तोच होता.

११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी, आणि फुकुशिमा दाइइचीच्या १, २ आणि ३ नंबरच्या भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. एप्रिलमध्ये त्या इमारतींमध्ये पहिल्यांदा शिरून मोजमाप करणारे रोबो होते अमेरिकेचे, आयरोबोट कंपनीचे पॅकबॉट. आयरोबोट म्हणजे घरातला केर काढणारा रूम्बा बनवणारी कंपनी. रोबोंच्या देशात आणीबाणीच्या वेळी बाहेरचा रोबो आधी पोचला.

जूनमध्ये जपानी 'क्विन्स' आला. हा मुळात भूकंपानंतर ढिगाऱ्यात माणसं शोधण्यासाठी विद्यापीठांमध्ये बनवलेला. जिने चढायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये २ नंबरच्या इमारतीत तो पाचव्या मजल्यापर्यंत चढला, मोजमाप केलं, आणि परत येताना तिसऱ्या मजल्यावर केबलने घात केला. शेळी अडकली. क्विन्स तिथेच राहिला.

त्यानंतरची यादी म्हणजे एक स्मशानच आहे. एप्रिल २०१५ मध्ये १ नंबरच्या भट्टीत १० सेंटिमीटरच्या पाइपातून आत जाणारा, आकार बदलणारा सापासारखा रोबो सोडला. दहा-एक मीटर गेला आणि अडकला. केबल कापावी लागली. दुसरा साप पाठवला, तोही परत आला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये २ नंबरच्या भट्टीत वाट साफ करायला पाठवलेल्या रोबोचा कॅमेरा दोन तासांत अंधारला, त्याला मागे घेतलं. त्याच्या मागून 'विंचू' गेला, नांगीसारखी शेपटी उचलून तिच्यातल्या कॅमेऱ्याने बघणारा. वाटेतल्या ढिगाऱ्यात त्याचा पट्टा रुतला, आणि मुख्य जागेच्या जरा अलीकडेच तो थांबला.

पण प्रत्येक मेलेला रोबो काहीतरी सांगून गेला. याच २ नंबरच्या भट्टीत कॅमेऱ्याच्या चित्रात किती ठिपके येतात, यावरून आतल्या किरणोत्साराचा अंदाज बांधला गेला. आपण ज्याला नॉइज म्हणून फेकून देतो तोच इथे डेटा! (अंदाज आधी फार मोठा आला होता, तासाला ५३० सीव्हर्ट. जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षी पुढे तो सुधारून बराच कमी करण्यात आला. मोजणाऱ्यालाही तपासावं लागतं.)

जुलै २०१७ मध्ये नशीब पालटलं. ३ नंबरच्या भट्टीत पाणी भरपूर होतं. तिथे 'मिनी मानबो' पोहत गेला, सुमारे ३० सेंटिमीटर लांब, दोनेक किलोचा. त्याला वितळून लोंबकळत गोठलेलं, इंधन असावं असं काहीतरी दिसलं. अपघातानंतर सहा वर्षांनी!

आणि मग १ नंबर. इथे २०२२ पासून वेगवेगळ्या कामांसाठी बनवलेले पाण्यातले रोबो एकामागून एक सोडले. त्यातल्या पहिल्याचं काम काय होतं माहितीये? मागून येणाऱ्यांच्या केबली अडकू नयेत म्हणून वाटेत कड्या बसवणं. बस, एवढंच. क्विन्सने तिसऱ्या मजल्यावर जो धडा दिला, तो अकरा वर्षांनी पाण्याखाली कामी आला. त्या कड्यांमधून केबल ओवत पुढचा रोबो गेला. मे २०२२ मध्ये पायथ्याच्या गोल भिंतीच्या तोंडाशी सळ्या दिसल्या. मार्च २०२३ मध्ये तो भिंतीच्या आत शिरला आणि कळलं की जवळजवळ सगळीकडे तळापासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत काँक्रीट गेलंय. तेच फोटो, जे मी त्या शनिवारी बघत बसलो होतो. मार्च २०२२ मध्येच तिथे ७.४ तीव्रतेचा भूकंप होऊन गेला होता. जपानच्या नियामक संस्थेने टेप्को कंपनीला सांगितलं, हे भांडं खाली बसलं तर काय होईल याचा हिशोब मांडा. तोपर्यंत हा हिशोब मांडायला खरे आकडेच हातात नव्हते. भिंत मात्र तेव्हाही तशीच होती.

अजून एक प्रसंग. ऑगस्ट २०२४ मध्ये २ नंबरच्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला कण बाहेर काढायचा होता. तयारी वर्षानुवर्षांची. पहिल्याच दिवशी काम थांबलं, कारण यंत्र आत ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने लावले गेले होते! मग कॅमेऱ्याने दगा दिला. शेवटी नोव्हेंबरमध्ये कण बाहेर आला. वजन सुमारे ०.७ ग्रॅम. तिन्ही भट्ट्यांत मिळून असा अंदाजे ८८० टन माल आहे.

हे वाचून रोबोंना नावं ठेवायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. या भट्ट्या बांधताना आत पुन्हा कधी डोकवावं लागेल असं कुणी धरलंच नव्हतं. बघायला वाट ठेवली नाही, म्हणून १० सेंटिमीटरच्या पाइपातून साप सोडायची वेळ आली. घरात मीटरबॉक्सला लागून कपाट करून घेतलं आणि मग वायरमनला दोष दिला, तसं झालं हे.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मुंबईत आहे. भारतातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्याही याच जातीच्या. त्यांत एका मोठ्या भांड्याऐवजी आडव्या नळ्या असतात, २२० मेगावॅटच्या भट्टीत ३०६. या नळ्या उष्णतेने आणि किरणोत्साराने हळूहळू म्हाताऱ्या होतात, मधोमध खाली झुकतात. १ ऑगस्ट १९८३ ला कॅनडात पिकरिंगच्या २ नंबरच्या भट्टीत अशीच एक नळी बाहेरच्या नळीला टेकली आणि सुमारे दोन मीटर लांब चिरली. त्यांना वेगळं ठेवणाऱ्या स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या, आणि ते कुणी बघितलं नव्हतं.

आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कामासाठी 'बार्किस' नावाची यंत्रणा बनवली. भट्टी बंद असताना तिचं डोकं लांबून नळीत सरकवतात. स्वनातीत लहरींनी आणि विद्युतप्रवाहांनी ती नळीची जाडी, दोन नळ्यांमधलं अंतर आणि स्प्रिंगांची जागा तपासते. नळी किती झुकली, अजून किती वर्षं चालेल, ते त्यावरून ठरतं. याची बातमी होत नाही. सिनेमा तर नाहीच नाही. पण इथे बघायची सोय भट्टी चालू असण्याच्या काळातच केली आहे, नळी चिरण्याआधी. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शहाणा रोबो हाच. :-)

तर, काकांच्या प्रश्नाचं उत्तर. इमारत उभी आहे म्हणूनच बघायचं. उभी असताना बघायला एक माणूस आणि एक हातोडी पुरते. नंतर बघायला १२ वर्षं लागतात, किंवा भोंगा वाजला की धावणारी ३,८२८ माणसं लागतात. बघायचं तर शेवटी असतंच. कुणी आणि कधी, एवढंच आपल्या हातात.

पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. मी यावेळी हसणार नाहीये, हात वर करणार आहे. आणि हो, सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी एका जुन्या मॉड्यूलमध्ये लॉगिंग टाकायचंय.